तीन नंबरचं पोतं

चौथ्या दिवशी तीन नंबरच्या पोत्यातून विणकाम निघालं, सुयांसकट. पांढऱ्या लोकरीचं, दोन तळहातांएवढं. पुढची बाजू पुरी झालेली, मागची गळ्यापाशी येऊन अडलेली. टेबलावर ओतलेल्या ढिगात तिचा हात नेहमीसारखा डोळ्यांच्या आधी पोचला होता. इतक्या वर्षांच्या कामानंतर डोळ्यांची तशी गरजच उरली नव्हती. कडक प्लास्टिक, पातळ प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा, काच, सगळं बोटंच ठरवायची आणि माल आपापल्या टोपलीत जाऊन पडायचा. पण लोकर लागली आणि बोटं थबकली. तिनं हातमोजा काढला, ते उचलून उलगडून बघितलं. बाहीसाठी सोडलेल्या जागेतून तिची दोन बोटं जेमतेम जात होती. तान्ह्या बाळाची बंडी होती ती. समोरच्या जोडीदारणीनं मान वर केली. सुका कचरा निवडायचं ते सगळं केंद्र तिला रेडिओ म्हणायचं, कारण सकाळी आठला एकदा सुरू झाली की सुटी होईपर्यंत ती बंद पडत नसे. "काय गं, घबाड लागलं की काय?" रेडिओनं विचारलं. "कसलं घबाड. लोकर आहे," ती म्हणाली आणि बंडी कोटाच्या खिशात सारली. सुया कापडातून मांडीला टोचल्या. आपण चोरी केली असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, आपल्याच घरचं आहे, चोरी कशी म्हणायची.

अर्धवट विणलेलं कुणी सुयांसकट टाकत नाही. नकोसं झालं तर माणूस उसवतो, लोकर गुंडाळून ठेवतो, निदान सुया तरी काढून घेतो. ज्याला त्या वस्तूकडे बघवत नाही तोच ती अशी टाकतो. लोकांनी टाकलेल्या वस्तूंवरून लोक ओळखायची तिला इतकी सवय झाली होती, की माणसाच्या तोंडावर तिचा फारसा विश्वास उरला नव्हता. तोंडानं माणूस काहीही सांगतो, पिशवी खोटं बोलत नाही, असं ती नव्या बायकांना काम शिकवताना म्हणायची. म्हणजे त्या तीन नंबरात राहणाऱ्या लेकीला दिवस गेले होते. आणि आता ते राहिले नव्हते. एका क्षणात ती आजी झाली होती, आणि ते कळून आनंद होण्याच्या आत त्याच क्षणी ते आजीपण टोपलीत पडलं होतं. तिनं कोपरानं कपाळ पुसलं. गठ्ठे बांधायच्या यंत्रात पुठ्ठा दाबला जात होता, त्याचा आवाज नेहमीसारखाच येत होता, आणि रेडिओ आपल्या जावेच्या भांडणाची गोष्ट पुढे सांगत होती.

तीन नंबर म्हणजे मोठ्या रस्त्यापलीकडच्या वसाहतीतली तिसरी इमारत. दोन वर्षांपूर्वी लेक लग्न करून त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेली, नवरा आणि सासूबरोबर. हातगाडीवाला दादा रोज सकाळी त्या वसाहतीतल्या इमारतींच्या तळमजल्यावरून सुका कचरा उचलायचा आणि इमारतीगणिक एक पोतं भरून केंद्रात आणून टाकायचा. पोत्यावर खडूनं आकडा असायचा. लेक तिकडे गेल्यापासून तीन नंबरचं पोतं ती दुसऱ्या कुणाला उघडू देत नसे. रेडिओला सुरुवातीला वाटलं, हिला तिथला माल चांगला मिळतो. मग तिनं तो विषय सोडला, कारण तिच्याकडे विषय पुष्कळ होते. लग्नानंतरच्या महिन्याभरातच त्या पोत्यात पहिल्यांदा ती पिशवी सापडली. छोटी, कापडी बंदानं बांधलेली. आत दुधाच्या रिकाम्या पिशव्या, पाण्यातून धुऊन, वाळवून, चौकोनी घड्या घालून ठेवलेल्या. आणि प्रत्येकीचा कोपरा कापलेला, पण तुटू न देता तसाच लोंबता ठेवलेला. कापून टाकलेला कोपऱ्याचा तुकडा नखाएवढा असतो. तो चाळणीतून खाली जातो, गटारात जातो, कुणाच्याच हाती लागत नाही. म्हणून कोपरा तोडायचा नाही, ही या धंद्यातली पहिली शिकवण. इमारतीतल्या घरांपैकी हे कुणाला माहीत असणार? ती घडी हातात धरून ती किती वेळ उभी राहिली होती. लेकीनं काही न सांगता सांगितलं होतं, मी तुझीच आहे.

कारण घडी घालायला लेकीला तिनंच शिकवलं होतं. तेव्हा केंद्र नव्हतं. शहराबाहेरच्या ढिगाऱ्यावर ती आणि नवरा माल वेचायची आणि संध्याकाळी खोलीत पाण्याचं घमेलं मध्ये ठेवून धुवायला बसायची. लेक चार वर्षांची होती. पिशव्या धुवायचं काम आपल्याला दिलं नाही तर ती भोकाड पसरायची. धुतलेल्या पिशव्या दोरीवर चिमट्यांनी अडकवून ती त्यांना माझ्या बाहुल्यांचे कपडे म्हणायची, आणि बाहुली तर तिच्याजवळ एकही नव्हती. मग केंद्र आलं. जुन्या गोदामात टेबलं लागली, हातमोजे आले, हिरवे कोट आले, फोटोचं ओळखपत्र आलं, आणि केंद्राच्या बाईंनी माळ्यावर वेचणाऱ्यांच्या पोरांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. खाली यंत्र पुठ्ठा दाबत असायचं आणि वर पोरं पाढे म्हणत असायची. नवरा पाढे ऐकायला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा. त्याचा खोकला वाढला तेव्हा लेक वरून ओरडायची, "बाबा, हळू! मला ऐकू येत नाही." तो तोंडावर फडकं धरायचा. तो गेला त्या वर्षी लेक शाळेत दुसरी आली. त्या माळ्यावरून ती कॉलेजात गेली, कॉलेजातून कचेरीत, आणि कचेरीतून या तीन नंबरात. एवढी चढण पोरीनं चढली, आणि खालून बघणारीची मान अवघडली, एवढंच. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. निदान वाटत नाही असं ती म्हणायची.

लग्नाच्या आधी लेक म्हणाली होती, "आई, त्यांना मी सांगितलंय की तू एका संस्थेत आहेस." "मग खोटं कुठे आहे? संस्थाच आहे," ती म्हणाली होती. आणि दोघी हसल्या होत्या, जरा जास्तच हसल्या होत्या. लग्नानंतर ती दोनदा त्या घरी गेली. धुवट कपडे घालून, दोन वेळा साबण लावून. दुसऱ्या खेपेला विहीणबाईंनी चहा देताना खिडकी उघडली. नुसती खिडकी उघडली, उकडत होतं म्हणूनही उघडली असेल. पण लेकीनं ते बघितलं, आणि लेकीनं बघितलं हे तिनं बघितलं. निघताना लेक लिफ्टपाशी म्हणाली, "आई, येण्याआधी फोन करत जा हं." त्यानंतर तिनं जाण्याआधी फोन केला तेव्हा कधी पाहुणे असायचे, कधी कुणाला बरं नसायचं. मग तिनं यायचं विचारणं सोडून दिलं. फोनवर दोघींचं बोलणं ठरलेलं होतं. बरी आहेस ना? बरी आहे. तू? मला काय धाड भरलीय. जेवलीस? हो. ठेवू? ठेव. पण तिला या फोनची फारशी फिकीर नव्हती. तिच्याकडे रोज सकाळी पिशवी येत होती.

दोन वर्षांत त्या पिशवीनं तिला काय काय सांगितलं! दूध रोज अर्धाच लिटर. घरात माणसं तीन, म्हणजे जावई दूध पीत नसणार. दह्याची एक छोटी वाटी रोज, ती लेकीची. लहानपणी दह्यासाठी जीव टाकायची. अंड्यांचं एक खोकं पंधरा दिवस पुरायचं, म्हणजे जावयाचं जेवण बाहेरच होतंय, आणि याची तिला मनातून काळजी वाटायची. मांजराच्या खाण्याची रिकामी पाकिटं यायला लागली तेव्हा ती टेबलापाशी उभ्याउभ्या हसली, कारण लेकीनं लहानपणी मांजराचं पिल्लू मागितलं होतं आणि आधी आपल्या ताटात पडू दे, असं तिनं तिला बजावलं होतं. गोळ्यांची रिकामी पाकिटं असायची, रक्तदाबाच्या, साखरेच्या. त्या विहीणबाईंच्या. मग डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या यायला लागल्या. कचेरीत दिवसभर पडद्याकडे बघून पोरीचे डोळे गेले, असं तिनं मनाशी ठरवलं आणि त्या रात्री फोनवर म्हणाली, "डोळ्यांना जप गं. आणि जेवणात मीठ कमी घाल, रक्तदाब वाईट." पलीकडे लेक चपापली. "आई, तुला झालंय काय? कुणी काही सांगितलं का तुला?" "मला कोण सांगणार?" ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर आपण कसं बरोबर हेरलं म्हणून मनातल्या मनात खूश झाली. केंद्राचा नियम होता, पिशवीत दिसलं ते टेबलावरच ठेवायचं, बाहेर बोलायचं नाही. तो नियम तिनं कसोशीनं पाळला. लेकीपाशीसुद्धा पाळला.

एकदा तिनंही पिशवीला उत्तर पाठवलं होतं. जी घरं कचरा नीट वेगळा करून देतात त्यांच्यासाठी केंद्र आभाराचं एक हिरवं कार्ड इमारतीच्या फळ्यावर लावायचं. तिनं तीन नंबरच्या कार्डावर लिहून घेतलं, "कोपरा न तोडणाऱ्या घराला," आणि खाली पेनानं एक वेडंवाकडं फूल काढलं. हातगाडीवाल्या दादानं ते फळ्यावर टोचलं. तिसऱ्या दिवशी पिशवीत एक राखाडी स्वेटर आला, धुऊन इस्त्री केलेला, आणि त्यावर चिठ्ठी, "चांगला आहे. कुणीतरी वापरावा." अक्षर जरा थरथरतं होतं. लेकीचं अक्षर असं नव्हतं, पण चोरून लिहिताना अक्षर बिघडतंच. स्वेटर खांद्यात मोठा होता. आईचं माप पोरगी विसरली, एवढंच तिला त्यात लागलं. तिनं तो सगळ्या थंडीत घातला. पिशवी होती तोवर, खरं सांगायचं तर, तिला लेकीकडे न जाण्याचं दुःख नव्हतं. समोरासमोर जेवढं मिळालं नसतं तेवढं मिळत होतं. त्याच पोत्यात रोज एक काळी पिशवीही असायची, दुहेरी गाठीची, ओलं-सुकं-शिळं-पाकं सगळं एकत्र कोंबलेली. ती ओशट, गळकी पिशवी ती उघडतसुद्धा नसे. "हात झडलेत का यांचे? शिकलेली माणसं आणि ही तऱ्हा," असं रोज न चुकता म्हणून ती पिशवी ती बाजूच्या टाकाऊ ढिगात भिरकावायची, आणि मग कौतुकानं लेकीची पिशवी सोडायला घ्यायची.

आणि गेले तीन दिवस ती आली नव्हती. पहिल्या दिवशी तिला वाटलं, गावाला गेली असतील. दुसऱ्या दिवशी तिनं पोतं दोनदा उपसलं. तिसऱ्या दिवशी तिनं डबा न उघडताच घरी नेला. आज पोतं नेहमीच्या दुप्पट आलं होतं, कुणीतरी घर धुऊन काढल्यासारखं, मोठमोठ्या पिशव्यांत सगळं भसाभस भरलेलं. त्यातच ते विणकाम. तिनं हातमोजे काढले, बाजूला जाऊन लेकीला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. "रेडिओ, माझं टेबल बघ. मी येते." "कुठे निघालीस? तोंड बघ कसं झालंय तुझं. अगं, कोट तरी काढ!" पण तोवर ती फाटकाबाहेर पडली होती.

दुपारचे तीन वाजले होते. मोठा रस्ता ओलांडायला तिला दोन वेळा थांबावं लागलं. पोर गेलं म्हणजे किती महिन्यांचं गेलं असेल? बंडी विणायला घेतात ती पोट दिसायला लागल्यावर. पाच? सहा? एवढा काळ पोरीनं एकटीनं काढला. उलट्या झाल्या असतील. काही आंबट-तुरट खावंसं वाटलं असेल, आणि पिशवीत त्याची साधी खूणसुद्धा आपल्याला कशी दिसली नाही? दह्याची वाटी दोन महिन्यांपूर्वी बंद झाली होती. ते तिनं बघितलं होतं, आणि कंटाळली असेल म्हणून सोडून दिलं होतं. वास सहन होत नसणार तिला! आपल्या हातून सुटलं ते. दवाखान्यात तिच्याजवळ कोण होतं? विहीणबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला असेल का? लेक लहानपणी तापानं फणफणली की काही बोलायची नाही, नुसती आईच्या पदराची कड बोटाभोवती गुंडाळत राहायची. आता तिनं काय गुंडाळलं असेल? चालता चालता तिला मोठ्यानं हुंदका आला. समोरून येणारा एक माणूस तिला वाट द्यायला बाजूला झाला, कोट बघून झाला की रडणं बघून झाला, कोण जाणे.

इमारतीत लिफ्ट होती, पण अंगावर कोट असताना लिफ्टनं जायची तिला सवय नव्हती. ती जिन्यानं निघाली. दुसऱ्या मजल्यावर जिना अडला होता. एका घराचं दार सताड उघडं होतं आणि दोन माणसं कपाट बाहेर काढत होती. दारात खोकी, गाद्या, भांडी. एक मध्यमवयाचा माणूस त्यांना हाका मारून सांगत होता, "जपून, भिंतीला लागेल." तिचा कोट बघताच तो म्हणाला, "बरं झालं आलात. ते सगळं न्या. सकाळी थोडं खाली टाकलंय, हे राहिलंय." त्यानं पायानं एक खोकं पुढे सरकवलं. खोक्यात वर्तमानपत्रावर दुधाच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. घड्या घातलेल्या. कोपरे लोंबते. वीस-पंचवीस असतील. शेजारी थेंबांच्या बाटल्या, पांढऱ्या लोकरीचा एक गुंडा, जाड भिंगांचा चष्मा.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं. "माझ्या आत्याचं. गुरुवारी गेली. एकटीच असायची." तो माणूस घाम पुसत म्हणाला. "भरपूर जमवून ठेवलं होतं बघा. या पिशव्या कशाला धुऊन ठेवायची, देव जाणे." आणि आता, इतक्या उशिरा, तिला आठवलं. केंद्रानं तिला आणि रेडिओला इमारतींतून कचरा वेगळा करायचं शिकवायला पाठवलं होतं, लेकीच्या लग्नाच्या बरंच आधी. इथे तळमजल्यावर आठ-दहा बायका गोळा झाल्या होत्या. बाकीच्या मान डोलवून निघून गेल्या, पण एक म्हातारी थांबली. पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "बाई, तो कोपरा परत एकदा दाखवा. मला नीट दिसलं नाही." तिनं दाखवला. म्हातारीनं स्वतः कात्री घेऊन कापून बघितला आणि विचारलं, "असा?" "अगदी असा," ती म्हणाली होती. दोन वर्षं ती रोज त्या म्हातारीचं दूध मोजत होती, तिच्या डोळ्यांची काळजी करत होती, तिचा स्वेटर घालून झोपत होती. तिला मीठ कमी खायला सांगायला हवं होतं, ते तिनं भलतीलाच सांगितलं. "मांजर कुठाय?" तिनं एकाएकी विचारलं. माणूस गोंधळला. "मांजर? मांजर होतं का तिच्याकडे?" "होतं," ती म्हणाली. "तुम्ही ओळखत होतात का आत्याला?" त्यानं विचारलं. तिला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. ती खोक्याला हात न लावता कडेनं जिना चढायला लागली.

आता वर जायचं काही कारण नव्हतं. पोर गेलं नव्हतं, कारण पोर नव्हतंच. लेकीला काही झालेलं नव्हतं. परत फिरावं, टेबलापाशी जाऊन उभं राहावं, हेच शहाणपणाचं होतं. न कळवता यायचं नाही असं ठरलेलं होतं. पण तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की लेकीचं कसं चाललंय ते तिला माहीत नाही. दोन वर्षांतलं काहीच माहीत नाही. तिला दही आवडतं का अजून, ते माहीत नाही. ती सुखात आहे की नाही, माहीत नाही. आपल्याला पोरीचं सगळं कळतं या भरवशावर आपण तिला एकदाही धड काही विचारलं नाही. लाज वाटून तिचे कान तापले. ती उरलेल्या पायऱ्या एका दमात चढली.

चौथ्या मजल्यावर लेकीच्या दाराबाहेर एक काळी पिशवी ठेवलेली होती. दुहेरी गाठीची. खालून थोडी गळत होती. तिनं ती बघितली, रोज ढिगात भिरकावली तशीच, आणि तिला काही बोलायचं सुचलं नाही, मनातसुद्धा. घमेल्यात हात घालून पिशव्या धुणारी पोर मोठी होऊन त्यातून सुटली होती. जिला जन्मात पुन्हा कचऱ्याकडे बघायचं नाही ती तो असाच बांधणार, घट्ट, दोन गाठी मारून. यात रागावण्यासारखं काय होतं? तिनं घंटी वाजवली.

लेकीनं दार उघडलं. केस ओले होते, अंगात सैल झगा होता, आणि झग्याखाली पोट होतं. चांगलं मोठं. "आई?" लेक म्हणाली. तिची नजर कोटावरून आईच्या खांद्यामागे जिन्याकडे गेली. "तू... आत ये. आत ये ना आधी." दार लागल्यावर ती म्हणाली, "मी न्हायला गेले होते, आता बघितले तुझे फोन. कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"मग कसं कळलं?"

आईला कळतं, असं म्हणता आलं असतं. लेकीनं ते मानलंही असतं. तिचे डोळे तसे झाले होते, काही तरी मानायला तयार असल्यासारखे. पण आईच्यानं ते बोलवेना. "नाही कळलं गं," ती म्हणाली. "मला काहीच कळलं नाही. कितवा?"

"सातवा संपत आलाय." लेक खुर्चीत टेकली. "सांगणार होते, आई. खरंच सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू करत... मग इतके दिवस झाले की आता कोणत्या तोंडानं सांगू असं वाटायला लागलं. तुला सांगितलं की तू येणार. तू आलीस की..." तिनं वाक्य तिथेच सोडलं. ते पुरं करायची गरज दोघींनाही नव्हती.

"त्रास होतो का?"

"सुरुवातीला झाला. आता नाही. खाली दुसऱ्या मजल्यावर एक आजी होत्या, त्या बघायच्या येऊन. बाळासाठी काहीतरी विणतेय म्हणत होत्या, दाखवलं नाही कधी. गुरुवारी गेल्या बिचाऱ्या." लेक पोटावरून हात फिरवत म्हणाली. आईचा हात खिशातल्या बंडीकडे गेला आणि तिथेच राहिला. ते बाहेर काढलं तर कुठून आणलंस असं लेक विचारणार, आणि त्याचं उत्तर कचऱ्यातून हेच होतं; तो कचरा बाळाच्या अंगाला लागू द्यायचा नव्हता म्हणूनच तर लेकीनं हे सगळं लपवलं होतं. तिनं हात खिशावरून काढून घेतला. "बोलायच्या का माझ्याबद्दल?" तिनं भलतंच विचारलं. "कोण, आजी? त्या तुला कुठे ओळखत होत्या?" लेक म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "आई, लाथ मारतंय! बघ, इथे."

ती पुढे झाली, हात लांब केला. लेक किंचित मागे सरली. अगदी किंचित. "आधी हात धुऊन घे ना," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच लागल्यासारखी घाईघाईनं पुढे म्हणाली, "तूच नाही का, कामावरून आल्यावर धुतल्याशिवाय मला जवळ घ्यायची नाहीस."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "बरोबर आहे बाळा." तिनं कोट काढला, घडी घालून दाराशी ठेवला. मोरीत जाऊन साबण लावला, कोपरापर्यंत चोळला. नखांच्या कडांना जे काळं होतं ते इतक्या वर्षांत निघालं नव्हतं, ते आजही निघेना. तिनं पुन्हा साबण लावला. पुन्हा चोळला. बाहेरून लेक हाक मारत होती, "अगं झालं का? लवकर ये." तिनं नळ बंद केला, हात पुसायला तिथला पांढरा टॉवेल घेतला नाही, साडीला पुसले.

"थांबलं आता," लेक म्हणाली. "तू येईपर्यंत थांबलं. बस, करेल परत." ती लेकीच्या पायाशी जमिनीवर बसली आणि लेकीनं तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. पोट गरम होतं, घट्ट होतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. लेकीची नजर तिकडे जात होती, परत येत होती. "सासूबाई चारला येतात," लेक हळूच म्हणाली. "हो," ती म्हणाली, "मी निघतेच. एकदा हललं की निघते." तिनं डोळे मिटले. सगळा जीव तळहातात आणून ती वाट बघत राहिली. लेकीची बोटं तिच्या पदराची कड शोधत होती, सापडली तशी ती गुंडाळायला लागली. आणि मग एकाएकी हाताखाली ते हललं, आतून दचकून उठल्यासारखं, चांगलं जोरात.

"हललं!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "हललं गं बाई! कळलं मला!"

लेकीनं पदराची कड सोडून दिली होती. ती दाराकडे बघत होती.

"नाही गं आई," ती म्हणाली. "मी दचकले. लिफ्ट आली वाटतं."